दुसऱ्याच्या खेळात पाऊल ठेवताना

हे मनन सावकाश वाचायचं आहे. दोन परिच्छेदांमध्ये थांबलात तरी चालेल, एखादा परिच्छेद पुन्हा वाचलात तर उत्तम. सुरुवातीला एवढंच करा: छंद म्हणून खेळ रचणारं, तुमच्या ओळखीचं एक माणूस डोळ्यांसमोर आणा. मित्र असेल, मैत्रीण असेल, ऑफिसातला सहकारी असेल, धाकटा भाऊ असेल. त्या माणसानं कधीतरी आपली एक कल्पना तुमच्यापुढे ठेवली आहे आणि विचारलं आहे, "बघ ना जरा, कसं वाटतंय?" या प्रश्नाला उत्तर कसं द्यावं, याचाच आज विचार करू.

हे बोलणं टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांविषयी आहे. चार-पाच जण जमतात. एक जण गेम मास्टर होतो; गोष्टीतलं जग, त्यातली गावं, माणसं, संकटं तो उभी करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, त्या पात्राच्या तोंडून बोलतात, त्याच्या वतीनं निर्णय घेतात. पुढे काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही तिथं फासे टाकतात. बहुतेक खेळांत कुणी जिंकत नाही की हरत नाही. तीन-चार तासांनी सगळे उठतात तेव्हा त्यांनी मिळून एक गोष्ट घडवलेली असते. या छंदातला सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ साली अमेरिकेत निघाला. आज पुण्या-मुंबईतही असे डाव रंगतात, आणि जो मन लावून खेळतो तो बहुधा कधीतरी स्वतःचं काहीतरी लिहू लागतो. एखादं होमब्रू, म्हणजे स्वतः रचलेलं, जग, एखादा नवा नियम, एका बैठकीत संपणारी वन-शॉट, कधी अख्खा नवा खेळ.

असं लिखाण दुसऱ्याला दाखवायला धीर लागतो. कविता दाखवणारा निदान पुरी झालेली कविता दाखवतो. खेळ कागदावर अर्धाच असतो. उरलेला अर्धा खेळणाऱ्यांनी आणायचा असतो. म्हणून मैत्रीण तुमच्या हातात चार पानं देते, तेव्हा ती पानं अपुरी असणारच. त्या अपुरेपणाकडे बोट दाखवणं सगळ्यांत सोपं, आणि तिच्या सगळ्यांत कमी उपयोगाचं. तिनं पानं दिली आहेत ती तुम्ही त्या उरलेल्या अर्ध्यात शिरून पाहावं म्हणून.

विचाराला धरायला काहीतरी हवं, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या मैत्रिणीनं असा खेळ लिहिला आहे. कोकणातलं एक जुनं घर. मुंबईत राहणारी चार चुलत भावंडं गणपतीला गावी आली आहेत. पाच दिवसांचा गणपती आहे. विसर्जनानंतर घर विकायचं की ठेवायचं, हे ठरवायचं आहे. घराला राखणदार आहे आणि त्याला हे सगळं बोलणं ऐकू येतं. प्रत्येक खेळाडू एक भावंड होतो. पाच रात्री, रोज रात्री एक प्रसंग. नियम एकच. घराची एखादी आठवण पुढ्यात आली आणि तुमच्या पात्राला तिच्याकडे पाठ फिरवायची असेल, तर दोन फासे टाका. बेरीज १० किंवा जास्त आली तर पात्र निभावून नेतं. ७ ते ९ आली तर निभावतं, पण बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. ६ किंवा कमी आली तर घर त्याला धरून ठेवतं. चार पानं, आणि खाली पेनानं लिहिलेली ओळ: कसं वाटलं ते खरं सांग.

ही पानं हातात आहेत अशी कल्पना करा. पेन बाजूला ठेवा. हातात पेन असलं की डोळे चुका शोधू लागतात, आणि पहिल्या वाचनात चुका शोधायच्या नसतात. पहिलं वाचन श्रवणासारखं असावं. आपल्या परंपरेत मननाच्या आधी श्रवण सांगितलं आहे, ते उगाच नाही. नीट ऐकलेलंच नसेल तर मनन कशाचं करणार?

वाचता वाचता मनात विचार येऊ लागतील. राखणदाराशी एखादी झुंज हवी. भावंडांना काहीतरी शक्ती हव्यात. पाच रात्री फार होतात, तीन पुरे. तळघर असतं तर मजा आली असती. हे विचार अडवू नका, येऊ द्या. प्रत्येक विचार आला की त्याला एकच प्रश्न विचारा: हा विचार तिच्या खेळाचा आहे की माझ्या? झुंज हवी असं वाटलं ते तिच्या खेळात काही उणं आहे म्हणून, की मला झुंजीचे खेळ आवडतात म्हणून? इथं थोडा वेळ थांबा. हा प्रश्न पुढच्या सगळ्या मननाचा कणा आहे. खेळ रचणारा प्रत्येक माणूस दुसऱ्याचा खेळ वाचताना नकळत मनात स्वतःचा खेळ लिहायला लागतो. यात दोष काही नाही. कल्पक माणसाचं मन असंच चालतं. मात्र तो मनातला खेळ अभिप्राय म्हणून मैत्रिणीच्या हाती दिला, तर तिच्या चार पानांबद्दल तिला काहीच कळत नाही. कळते ती तुमची आवड.

आता एक जुनी हकीकत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, ट्विन सिटीज या जोडशहरांत, १९६९ साली डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणानं आपल्या युद्धखेळ खेळणाऱ्या मित्रमंडळींसाठी एक नवा डाव मांडला. तोवर अशा खेळात टेबलावर छोटे सैनिक असायचे, दोन बाजू असायच्या आणि मोजूनमापून चाली व्हायच्या. वेस्लीनं नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव रचलं आणि खेळाडूंना त्या गावातली माणसं केलं. कुणी महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. डाव सुरू झाला आणि थोड्याच वेळात हाताबाहेर गेला. खेळाडू ठरल्या क्रमानं चाली करेनात. कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन एकमेकांशी खलबतं करू लागले, स्वतःचे बेत आखू लागले. ज्याचा नियमच लिहिलेला नव्हता असं काहीबाही करू लागले. वेस्लीला वाटलं, आपला खेळ फसला. खेळाडूंना मात्र तो भलताच आवडला होता आणि त्यांना तसाच आणखी एक हवा होता.

त्या खेळाडूंमध्ये डेव्ह आर्नेसन होता. एका गावातलं एक माणूस होऊन बोलण्यात काय गंमत आहे, हे त्यानं तिथं अनुभवलं. पुढे त्यानं ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं जग उभं केलं, आणि त्याच जगातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची वाट निघाली.

या हकीकतीपाशी थोडं रेंगाळा. वेस्ली काय पाहत होता? मोडलेले नियम, विस्कटलेला क्रम, आपल्या हातून सुटलेली सूत्रं. खेळाडू काय पाहत होते? एक गाव, आणि त्या गावात आपण. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच रात्र होती. खेळाडू केवळ सभ्यपणे "हो, जरा गोंधळच झाला" म्हणून घरी गेले असते, तर आपल्या हातून काय घडलं हे वेस्लीला कदाचित कळलंही नसतं. रचणाऱ्याला आपल्या खेळात जीव कुठं आहे हे पुष्कळदा दिसत नाही. तो फार जवळ उभा असतो. ते त्याला दाखवणं, हे अभिप्राय देणाऱ्याचं पहिलं काम.

हे काम "छान आहे" म्हटल्यानं होत नाही. "छान आहे" ऐकून मैत्रिणीला बरं वाटेल, पण काय ठेवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे तिला कळणार नाही. म्हणून चार पानांत तुमचं मन नेमकं कुठं हललं, ते शोधा. मनातल्या मनात वाक्य करून पाहा. "दुसऱ्या रात्री आजीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हा प्रश्न आला तेव्हा मला वाचन थांबवून माझ्या आजोळच्या घराचा विचार करावासा वाटला." असं एक वाक्य दहा कौतुकांपेक्षा मोलाचं आहे. त्यात जागा आहे, क्षण आहे आणि त्या क्षणी तुमचं काय झालं तेही आहे. उद्या मैत्रीण पानं पुन्हा लिहायला बसेल तेव्हा ती किल्ली सांभाळून ठेवील.

मन जिथं भरकटलं तेही असंच सांगता येतं. "तिसऱ्या रात्रीनंतर माझ्या पात्रानं काय करायचं ते मला उमगेना." हे वाक्य आणि "तिसरी रात्र कंटाळवाणी आहे" हे वाक्य शेजारी ठेवून पाहा. पहिलं तुमच्याविषयी आहे आणि ते खरं आहे. त्यावर तिला वाद घालायची गरज पडत नाही. दुसरं तिच्या लिखाणावरचा निकाल आहे. निकाल ऐकला की माणूस बचावाला उभा राहतो, आणि बचाव करणाऱ्याला काही ऐकू येत नाही. पहिलं वाक्य मृदू आहे म्हणून चांगलं, असं मात्र समजू नका. ते जास्त अचूक आहे, म्हणून चांगलं. तुम्हाला खात्रीनं माहीत असलेली गोष्ट तेवढीच आहे: तुमचं काय झालं.

यापुढची पायरी प्रश्नांची. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी अमेरिकेत १९९० च्या सुमारास कलाकारांच्या अपुऱ्या कामावर बोलण्याची एक पद्धत घडवली. तिच्या चार पायऱ्या आहेत. आधी बघणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग कलाकारानं स्वतःला पडलेले प्रश्न विचारायचे. त्यानंतर बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण ज्यांत मत लपलेलं नाही असेच. आणि अगदी शेवटी मत द्यायचं, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. ही पद्धत नृत्यासाठी निघाली, पण खेळाच्या चार पानांनाही ती चपखल बसते. तिच्या क्रमाकडे बघा. मत शेवटी आहे. आपण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतो.

ज्यात मत लपलेलं नाही असा प्रश्न विचारणं सरावानं येतं. आत्ताच करून पाहू. तुमच्या मनात आहे: राखणदार फारच कमी दिसतो. यातून पटकन निघणारा प्रश्न असा: "राखणदार इतका कमी का दिसतो?" या प्रश्नात उत्तर आधीच दडलंय, मैत्रिणीला ते लगेच ऐकू येईल. आता तोच प्रश्न वेगळा करून पाहा: "राखणदार खेळाडूंना किती जाणवावा असं तुझ्या मनात आहे?" या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला खरंच ठाऊक नाही. ती म्हणेल, "तो दिसूच नये. कौलावर काहीतरी सरकल्याचा आवाज यावा, बस." मग तुम्हाला कळेल की तुम्हाला उणीव वाटली ती तिनं मुद्दाम ठेवलेली मोकळी जागा होती. किंवा ती म्हणेल, "मला तो खूप जाणवायला हवा होता, पण पानांवर उतरलाच नाही वाटतं." मग अडचण तिची तिलाच सापडली. प्रश्न विचारण्याआधी क्षणभर स्वतःकडे पाहा: याचं उत्तर मला खरोखर ऐकायचं आहे का? ऐकायचं नसेल तर तो प्रश्न नव्हे, मत आहे. ते मत म्हणून, त्याची वेळ आली की सांगा.

आता एक नियम अगदी जवळून पाहू. खेळाच्या गप्पांत फाशांची बाजू बहुधा "जरा कडक वाटतंय" किंवा "सोपं आहे" एवढ्यावर संपते, आणि तिथंच थोडं बसून हिशेब केला तर मैत्रिणीला खरी मदत होते. मैत्रिणीनं वापरलेली मांडणी, म्हणजे १० किंवा त्याहून जास्त आले तर निखळ यश, ७ ते ९ ला मोल देऊन यश आणि त्याखाली संकट, व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळामुळे सर्वत्र पोहोचली आणि तिच्यावर पुढे पुष्कळ खेळ उभे राहिले. दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी १५ प्रकारांत बेरीज ६ किंवा कमी येते, १५ प्रकारांत ७ ते ९ येते, आणि फक्त ६ प्रकारांत १० किंवा जास्त येते. म्हणजे पाठ फिरवू पाहणाऱ्या भावंडाला घर धरून ठेवील, याची शक्यता शेकडा ४२ च्या आसपास. निखळ सुटकेची शक्यता शेकडा १७.

आता चार भावंडं टेबलाशी बसवा. पहिल्या रात्री प्रत्येकानं एकदाच फासे टाकले, तर चारही जण घराच्या हातून निसटण्याची शक्यता शेकडा १२ एवढीच उरते. शंभर टेबलांवर हा खेळ मांडला तर सुमारे ८८ टेबलांवर पहिल्याच रात्री कुणी ना कुणी अडकेल. पाच रात्री मिळून वीस वेळा फासे पडले, तर साधारण आठ वेळा घर धरून ठेवील, आठ वेळा काहीतरी द्यावं लागेल, आणि निखळ सुटका तीन-चार वेळाच होईल.

हा हिशेब हातात आला की जीभ शिवशिवते. "तुझा नियम चुकलाय" म्हणावंसं वाटतं. थांबा. हिशेबानं नियम चूक ठरत नाही. हिशेब फक्त सांगतो की खेळ टेबलावर कसा वागेल. तो कसा वागायला हवा, हे मैत्रीण ठरवणार. म्हणून हिशेब तिच्यापुढे आहे तसा ठेवा आणि विचारा, "घर इतकं बलवान असावं असं तुला वाटतंय का?" ती कदाचित म्हणेल, "हो, तेच तर. सोडत नाही असं घर." मग तुम्हाला दोष वाटला तो तिच्या खेळाचा गाभा होता. किंवा ती दचकून म्हणेल, "पहिल्याच रात्री? छे, पहिली रात्र तर हसण्याखेळण्याची हवी." आणि मग तीच वाट काढील. एखादी आठवण मोठ्यानं सांगणाऱ्या भावंडाला बेरजेत १ मिळवू द्यावा, असं तिला सुचेल. त्या एकानं अडकण्याची शक्यता ४२ वरून २८ वर येते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खेळाडू आठवणी सांगू लागतात. हा उपाय तुम्हाला सुचला नसता असं नाही. तिला सुचला म्हणून तो तिच्या घराला शोभतो.

आता मतांविषयी. मतं असावीत, आणि ती सांगावीतही. मनात ठेवलेलं खरं मत मैत्रीत उगाच अंतर पाडतं. फक्त आधी विचारा: "मला एक सुचतंय, सांगू?" आणि "आत्ता नको" हे उत्तर आलं तर ते मनापासून स्वीकारा. काही दिवशी माणूस खेळाच्या पायाचा विचार करत असतो. तेव्हा त्याला नावांबद्दलचं मत नको असतं. काही दिवशी त्याला फक्त एवढंच हवं असतं की कुणीतरी वाचलं. तिला आज कोणती मदत हवी आहे, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट वाचवू नका.

एक मत मात्र फार जपून द्यावं: "असा खेळ आधीच आहे." बोलणाऱ्याला ती माहिती वाटते. ऐकणाऱ्याच्या हातून त्याच क्षणी पानं गळून पडतात. तुम्हाला जवळचा एखादा खेळ ठाऊक असेल, तर तो वाचनासाठी द्या. एव्हरी ऑल्डर यांच्या 'द क्वाएट इयर'मध्ये खेळाडू पत्त्यांच्या कॅटमधून आठवड्यामागून आठवडा उलगडत एका वस्तीचा नकाशा मिळून काढतात. तुमच्या मैत्रिणीला घराचा नकाशा खेळाडूंकडून काढून घ्यायचा असेल, तर हा खेळ तिला वाट दाखवील. "हे आधी झालंय" आणि "हे तुला उपयोगी पडेल" यांत माहिती एकच आहे. तिच्या मनावरचा परिणाम मात्र अगदी उलटा.

आता थोडं अवघड काही. मैत्रिणीच्या खेळात घर विकण्याची गोष्ट आहे, गेलेल्या माणसांच्या आठवणी आहेत. तिच्या टेबलावर बसणाऱ्यांपैकी कुणाचं घर गेल्याच वर्षी विकलं गेलं असेल. कुणाच्या घरी वाटणीवरून बोलणं बंद झालं असेल. याची तिला आठवण करून देणं हाही अभिप्रायाचा भाग आहे. या छंदातल्या लोकांनी यासाठी साधी साधनं शोधली आहेत. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी २०१३ च्या सुमारास मांडलेलं एक्स-कार्ड त्यांपैकी सर्वांत परिचित. टेबलाच्या मध्ये फुलीचं एक कार्ड ठेवायचं. ज्याला एखादा प्रसंग सोसवत नाही त्यानं त्याला हात लावायचा, आणि तो प्रसंग तिथंच बदलायचा. कारण विचारायचं नाही. "तुझ्या खेळात हे ठेवशील का?" एवढं विचारलं तरी पुरे. तिनं इतकं हळवं काही लिहायचं धाडस केलंय, म्हणूनच ही काळजी घ्यायची.

आणखी एका गोष्टीवर मन स्थिर करू: कल्पना कुणाची? १९७२ च्या अखेरीस आर्नेसन विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी गेला आणि गॅरी गायगॅक्स व त्याच्या मंडळींना त्यानं ब्लॅकमूर खेळवलं. गायगॅक्स भारावून गेला. त्यानं आर्नेसनकडून नियमांची टिपणं मागवली. विसेक पानं आली. त्यांवरून गायगॅक्सनं पन्नास पानांचा मसुदा लिहिला. तो घरी मुलांबरोबर आणि मित्रांबरोबर खेळून पाहिला, आणखी लोकांना पाठवला, वाढवला. १९७४ मध्ये तीन पुस्तिकांचा तो खेळ डब्यात घालून हजार प्रतींत निघाला. दोघांची नावं त्यावर होती. दुसऱ्याच्या कल्पनेला याहून मनापासूनचा प्रतिसाद क्वचितच मिळाला असेल. तरीही पुढे श्रेयावरून आणि मानधनावरून दोघांत बिनसलं. १९७९ मध्ये आर्नेसन कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली.

ही गोष्ट ऐकून कुणाला दोष देऊ नका. स्वतःला एवढंच विचारा: मी देतो ती सूचना मी सोडून देऊ शकतो का? मैत्रिणीनं ती घेतली नाही तर मला वाईट वाटेल का? घेतली आणि माझं नाव घेतलं नाही, तर? सूचना दिली की ती तिची झाली. हे मान्य असेल तरच द्या. आणि खेळात तुमचा जीव इतका गुंतला की अर्धा खेळ तुम्हीच लिहू लागलात, तर सरळ विचारा, "आपण दोघांनी मिळून करायचा का?" या प्रश्नात लाजण्यासारखं काही नाही. तो वेळेवर न विचारल्यानं पुष्कळ मैत्र्या बिघडतात.

कधी असंही होतं की कल्पना तुम्हाला भावतच नाही. भयकथा तुम्हाला आवडत नाहीत, किंवा नात्यांचे खेळ तुम्हाला संथ वाटतात. तेव्हा ओढूनताणून काहीतरी चांगलं शोधू नका. "या प्रकारचा खेळाडू मी नाही, त्यामुळे माझं बोलणं तुला चुकीच्या दिशेला नेईल," असं सांगा आणि ज्याला हा प्रकार आवडतो अशा कुणाचं तरी नाव सुचवा. हा नकार नाही. आपल्या मताची कुवत ओळखून दिलेला तो प्रामाणिक अभिप्राय आहे.

शेवटी एका आकड्याचा विचार करा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली. त्याआधी दोन वर्षं ती लोकांकडून खेळवून पाहिली गेली, आणि त्या पुस्तकाच्या श्रेयनामावलीत १,७५,००० हून अधिक चाहत्यांचे आभार मानले आहेत. तुमच्या मैत्रिणीकडे पावणेदोन लाख माणसं नाहीत. तिच्याकडे तुम्ही आहात, आणि आणखी दोघं-तिघं. तिथं एखाद्याचं बेफिकीर वाक्य गर्दीत विरून जातं. इथं विरत नाही. तुम्ही नुसतं "बघतो नंतर" म्हणून विसरलात, तर तिच्या खेळाच्या साऱ्या वाचकवर्गाचा तिसरा-चौथा हिस्सा गप्प राहिला. तुमच्या शब्दाला इथं जेवढं वजन आहे तेवढं फार थोड्या ठिकाणी असतं. ते भीतीनं नव्हे, जबाबदारीनं वापरा.

म्हणून आता डोळ्यांसमोरच्या त्या माणसाकडे परत या आणि त्याची कल्पना पुन्हा वाचा. कुठं मन हललं, ते एका वाक्यात लिहा. कुठं वाट सापडेना, ते एका वाक्यात लिहा. ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही, असा एक प्रश्न लिहा. एवढं पुष्कळ झालं. मतं असतील तर ती विचारून द्या. आणि सगळ्यात शेवटी, तुम्ही कोणत्या रविवारी मोकळे आहात ते लिहा. खेळ कागदावर अर्धाच असतो. उरलेला अर्धा घेऊन तुम्हालाच जायचं आहे. तीन माणसं गोळा करा, फासे घ्या आणि तिचा खेळ खेळा. त्याहून चांगला अभिप्राय देता येत नाही.